कात्रीबाईंचं गवत

माझ्या सासूबाईंना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. लग्न ठरलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तर त्यांनी दारातच मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "चौतीस. पण डावा खांदा उतरलाय. पिशवी एकाच खांद्याला लावतेस वाटतं." मला राग आला. मला राग लवकर येतो, हे इथेच सांगून टाकते. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून आपला जीव परक्या माणसाच्या हाती द्यायचा आणि वर त्यालाच 'छान, छान' म्हणायचं. या धंद्यात राग साठत जातो आणि घरी येऊन सांडतो. घरी जाऊन आरशात पाहिलं, तर खांदा खरंच उतरलेला होता. तेव्हापासून मी पिशवी उजव्या खांद्याला लावते.

चाळीस वर्षं त्यांनी एका खोलीत बसून शिवणकाम केलं. बस स्टँडमागची अरुंद गल्ली, खाली चाव्या बनवणारा, वर सासूबाई. कापायचं लांब टेबल, दोन शिलाई मशीन, एक उंच आरसा, आणि एकच खिडकी. गळ्यात काळ्या फितीला अडकवलेली कात्री, म्हणून सगळे त्यांना कात्रीबाई म्हणायचे. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले होते. मुलाचं शिक्षण, घर, सगळं त्या कात्रीवरच चाललं. शाळेचे गणवेश, नर्सांचे कोट, वकिलांचे डगले असं काय काय त्या खोलीतून बाहेर पडलं. पण कुठल्याही कपड्याला सुटा दोरा लोंबताना कोणी पाहिला नाही. कपडा तयार झाला की त्या तो उलटा करायच्या, उजेडाला धरायच्या आणि एकेक दोरा कचाकच कापून टाकायच्या. दुसऱ्याच्या अंगावरचाही सुटा दोरा त्यांना बघवत नाही. एकदा बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थाच्या कॉलरचा दोरा त्यांनी न विचारता कापला. कानाजवळ कात्रीचा आवाज ऐकून तो गृहस्थ असा उडाला की बँकेचा पहारेकरी धावत आला.

साठी उलटल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि गावाबाहेर सात एकर जागा घेतली. आधी आम्हाला विचारलं नाही, घेतल्यावर सांगितलं. दोन खोल्यांचं जुनं घर, पुढे रुंद ओटा, खालच्या अंगाला म्हाताऱ्या फळझाडांच्या रांगा, आणि घराच्या मागे वर चढत गेलेला एक मोठा उतार. त्या उतारावर फक्त गवत. कमरेइतकं, मध्ये दगड, मध्ये तोडलेल्या झाडांची खोडं.

माझा नवरा विमा कंपनीत आहे. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला आधी अपघात म्हणून दिसते, मग वस्तू म्हणून. पायऱ्या दिसल्या की त्याला घसरणं दिसतं, चहा दिसला की भाजणं. आईंची जागा पाहिल्यावर त्याने काय काय पाहिलं असेल, याची कल्पना करा. पण मी त्याला हसायचे ते गेल्या वर्षीपर्यंत. कारण गेल्या वर्षी ते खरंच घडलं.

आईंकडे तेव्हा गवत कापायचं पट्ट्याचं मशीन होतं. खांद्याला अडकवायचं, लांब नळी हातात धरायची आणि डावी-उजवीकडे फिरवत जायचं. एका सकाळी उतारावर पाय खड्ड्यात गेला आणि त्या मशीनसकट आडव्या झाल्या. घोटा मुरगळला. फोन घरात चार्जिंगला. गवत एवढं उंच की दोन हातांवरून माणूस गेला तरी दिसायच्या नाहीत. त्यांनी गळ्यातली कात्री काढली आणि मशीनच्या नळीवर आपटत राहिल्या. दीड तास. शेवटी पोस्टमन आला, दार उघडं आणि घरात कोणी नाही हे पाहून घुटमळला, आणि त्या टणटण आवाजाच्या मागावर वर चढला.

घोटा बरा झाला, पण नवरा बरा झाला नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली कोपऱ्याची खोली त्याने रंगवून घेतली. पलंग आणला, बाथरूमला धरायला दांडे बसवले. आईंना म्हणाला, "खोली तयार आहे. तू कधी येतेस ते सांग."

"येईन की. दोन दिवस राहीन," आई म्हणाल्या.

"दोन दिवसांसाठी दांडे नाही बसवले मी."

वर्षभर हा वाद चालला. माणसं लावून झाली. ती एकदा यायची, उतार बघायची आणि त्यांच्या घरी कोणीतरी आजारी पडायचं. तीन शेळ्या आणून झाल्या. त्यांनी गवत सोडून सगळं खाल्लं, आईंची वाळत घातलेली उशीची खोळसुद्धा. बसून चालवायचं मशीन घ्यावं असं कोणीतरी सुचवलं, तेव्हा मीच नाही म्हटलं. त्या चढावर ते आडवं चालवायचं म्हणजे कलंडायला आमंत्रण. पात्याचं मशीन दगडांवर टिकणार नाही. मग आई एक दिवस कुठल्यातरी रंगीत पत्रकाचा कागद घेऊन आल्या. दोन मोठी चाकं, मागे धरायला दांडा, मध्ये इंजिन, आणि खाली फिरणाऱ्या तबकडीतून बाहेर आलेल्या नायलॉनच्या दोऱ्या. पातं नाहीच. ती दोरीच गरगर फिरून गवत कापते, आणि दगड आला तर फार तर झिजते. खांद्यावर काही नाही, आपण फक्त मागून चालायचं.

"दोऱ्याने कापतं," आई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता जसा काही ते मशीन त्यांच्या माहेरचं आहे.

नवऱ्याने कागद वाचला, उलटा करून वाचला, आणि विमावाल्यासारखी अट घातली. "ठीक आहे. हवं ते मशीन निवड. येत्या रविवारी मी येतो. वरचा अख्खा उतार, एकटीने, बारा वाजेपर्यंत. जमलं तर मी पुन्हा फ्लॅटचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर त्याच दिवशी सामान भरायचं."

आईंनी मान हलवून होकार दिला. मला इतकी चीड आली! मी रोज परीक्षा घेते लोकांची, पण पहिल्याच दिवशी कोणाला घाटात नेत नाही. पण मायलेकांच्या मध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण मला लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात आलं होतं. मी फक्त म्हटलं, शनिवारी मी आईंना यंत्रांच्या दुकानात घेऊन जाते.

दुकान मोठं होतं. बाहेर फरशीवर यंत्रं ओळीने मांडलेली, आत तेलाचा आणि नव्या रबराचा वास. दुकानदार काउंटरमागून उठला, आमच्या दोघींकडे पाहिलं, आमच्या मागे पाहिलं, आणि म्हणाला, "साहेब नाही आले?"

"साहेबांना गवत कापायचं नाहीये," मी म्हटलं. पुढे अजून बरंच म्हणणार होते, पण आईंनी माझा दंड धरला. त्या दुकानदाराकडे टक लावून बघत होत्या.

"तुझा डावा हात उजव्यापेक्षा अर्धा इंच लांब आहे," त्या म्हणाल्या. "पाचवीपासून दहावीपर्यंत तुझे गणवेश मी शिवलेत. डावी बाही दर वर्षी वेगळी कापावी लागायची."

दुकानदाराने नकळत दोन्ही हात पुढे करून बघितले. मग त्याचा चेहरा दहावीतल्या मुलासारखा झाला. "कात्रीबाई! अहो बसा ना, बसा. पाणी आणू?"

पाणी आलं, खुर्च्या आल्या, आणि मग त्याने विक्री सुरू केली. दोऱ्याची तीन मशीन होती त्याच्याकडे. सगळ्यात मोठ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हे घ्या. याची ताकद बघा. याच्यापुढे गवतच काय, झुडपं उभी राहत नाहीत."

"दोरा ओवायला चष्मा लागतो का?" आईंनी विचारलं.

हा प्रश्न दुकानदाराला आजवर कोणी विचारला नसावा.

"नाही, म्हणजे, दोरी तर अधूनमधून बदलावी लागणार ना? झिजणार ती. मग वर उतारावर, उन्हात, घाम डोळ्यात जात असताना मला ती ओवता आली पाहिजे. आण, तिन्हींच्या दोऱ्या काढ. मी ओवून बघते."

दुकानदाराने मागे वर्कशॉपकडे हाक मारली. मिस्त्री बाहेर आला. किडकिडीत, वयस्कर, हात पुसत पुसत. त्याला काय हवंय ते सांगितल्यावर तो पहिल्यांदाच कोणीतरी शहाणं भेटल्यासारखा आईंकडे बघायला लागला. त्याने तिन्ही मशीन मागे कलती करून टेकवली आणि दोऱ्या काढून दिल्या.

मोठ्याची तबकडी उघडायला पाना लागायचा. आई म्हणाल्या, पाना मी घरी विसरणार, हे नको. दुसऱ्या, छोट्याशा मशीनमध्ये दोरी आत रिळावर गुंडाळलेली होती, आपटली की थोडी थोडी बाहेर येणारी. आईंनी ते रीळ उलटसुलट केलं आणि हसल्या. "ही बॉबिन आहे. बॉबिनने मला चाळीस वर्षं छळलंय. ऐन घाईत गुंता करणार." तिसऱ्याला काहीच उघडायचं नव्हतं. हातभर लांबीचे तयार तुकडे, भोकातून घालायचे, वळसा द्यायचा, ओढायचं, दोन्ही टोकं बाहेर. आईंनी चष्मा काढून कपाळावर ठेवला, डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी दोन तुकडे ओवले. चार टोकं बाहेर आली.

"हे," त्या म्हणाल्या.

"अहो, पण ताकद कमी आहे याची," दुकानदार कळवळून म्हणाला.

"बाईंना ओढून बघू द्या," मिस्त्री म्हणाला. त्याचं ते पहिलंच वाक्य होतं.

इंजिन सुरू करायला दोरी ओढायची असते. मोठ्या मशीनची दोरी आईंना निम्मीसुद्धा ओढवेना. तिसऱ्याचं इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. ते बंद करून त्यांनी दांडा धरला, दुकानाच्या दोन रांगांमधून ते पुढे नेलं, टोकाला जागच्या जागी वळवलं आणि परत आणलं. मी गाडीच्या नजरेने बघत होते. वजन चाकांवर होतं, हातांवर नव्हतं. चाकं मोठी, त्यामुळे खड्ड्यात अडकणार नाहीत. पहिल्याच दिवशी इतकं सफाईने वळण घेणारा विद्यार्थी मला आजवर मिळालेला नाही.

दुकानदाराने दोन दिवस वापरून बघायला दिलं, पसंत पडलं तर ठेवा म्हणाला. मिस्त्रीने नव्या जाड दोऱ्या स्वतः ओवून दिल्या, वर तुकड्यांचं एक जादा पाकीट आईंच्या हातात ठेवलं. मशीनचा दांडा दुमडून ते माझ्या गाडीच्या डिकीत घातलं. चाकं बाहेर, डिकी दोरीने बांधलेली, आणि वर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' अशी पाटी. रस्त्यात लोकांनी खरोखरच अंतर ठेवलं.

संध्याकाळी ओट्यावर आईंनी मशीन पुसायला घेतलं. नवीनच होतं ते, पण नवी वस्तू घरात आली की ती आधी पुसायची असते, असं त्यांचं म्हणणं. मी ते मागे कलतं धरून बसले होते. ऊन खाली उतरलं होतं, झाडांच्या सावल्या लांब झाल्या होत्या.

"तुला एक विचारू?" आई म्हणाल्या. "तुमच्या त्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं गं?"

मी खोटं बोलू शकले असते. "समोरची बिल्डिंग."

"हं." त्यांचे हात चालूच होते. मिस्त्रीने ओवलेल्या दोऱ्यांची टोकं थोडी वरखाली होती. त्यांनी कात्रीने एक कापलं, मग त्याच्याशी बरोबर करायला दुसरं. "चाळीस वर्षं माझी नजर सुईच्या टोकापलीकडे गेली नाही बघ. डोळ्यांचा डॉक्टर म्हणायचा, अधूनमधून लांब बघत जा. त्या खोलीत लांब म्हणजे काय? खिडकीपुढची भिंत. तिच्यावरचे डाग मला पाठ होते. कुठला कधी पडला तेसुद्धा."

तिसरं टोक. मग पुन्हा पहिलं, कारण ते आता लांब दिसायला लागलं.

"ही जागा बघायला आले ना, तेव्हा या ओट्यावर उभी राहिले आणि तो खालचा रस्ता दिसला. त्याच्यावरून कोणीतरी सायकलवर चाललं होतं. कोण ते नाही कळलं. बाई की बाप्या तेही नाही. पण इतक्या लांबून कोणीतरी चाललंय हे मला दिसलं. मला रडूच आलं. दलालाला वाटलं, बाईला जागा आवडली नाही. बिचारा लगेच घाबरला."

मला हसू आलं. मी रस्त्याकडे बघत राहिले. कात्रीचा कचकच आवाज येत होता. आई बोलत होत्या, मी ऐकत होते, आणि हातांकडे आमच्या दोघींपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी टोकांवरून बोट फिरवलं, सगळी एकसारखी लागली, आणि समाधानाने म्हणाल्या, "झालं. आता कसं नीटनेटकं दिसतंय."

रविवारी सकाळी साडेसातला नवरा आला. प्रथमोपचाराची पेटी, शिट्टी, घडीची खुर्ची आणि पाण्याच्या सहा बाटल्या. शिट्टी आईंच्या गळ्यात घातली. कात्री आणि शिट्टी एकमेकींवर वाजायला लागल्या.

बरोबर आठला आईंनी उताराच्या पायथ्याशी इंजिन सुरू केलं. दुसऱ्या ओढीला. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, पायांत उंच बूट, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि मशीन गवतात घातलं.

मशीन गर्जत पुढे गेलं. गवत त्याच्यापुढे वाकलं. आणि मशीन पुढे गेल्यावर पुन्हा उभं राहिलं.

आई टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. गवत पुन्हा वाकलं, पुन्हा उठलं. मधली काही पाती तुटली असतील, तीही बहुतेक चाकाखाली सापडून. तिसऱ्या फेरीला त्या हळू झाल्या. मी मनातल्या मनात त्या दुकानदाराला, त्याच्या लांब हाताला आणि त्याच्या सगळ्या यंत्रांना शिव्या घालत होते. आणि स्वतःलाही. मोठं मशीन घ्यायला हवं होतं. मीच कशी बोलले नाही?

नवरा खुर्चीतून उठला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, उलट तो रडवेला झाला होता, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. तो आईंजवळ गेला आणि हाताने खूण केली. त्यांनी इंजिन बंद केलं.

"आई, बास. चल. मी सामान भरायला मदत करतो."

आईंनी मशीन मागे कलतं केलं, वाकल्या आणि तबकडीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग गवतात मटकन बसल्या. आम्ही दोघं धावलो. त्या खांदे हलवत हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"दोरे," त्या म्हणाल्या. "मी सुटे दोरे कापून टाकले."

मी पाहिलं. तबकडीतून बाहेर चार टोकं आली होती. चारही एकसारखी, अगदी मापात, आणि फक्त अर्धं बोट लांब. जी दोरी फिरून गवत कापणार, तीच आम्ही ओट्यावर बसून कापून टाकली होती. मीसुद्धा बघत होते आणि मला ते नीटनेटकं वाटलं होतं!

आई दुकानदारावर ढकलू शकल्या असत्या. मशीन बिघडलंय म्हणाल्या असत्या तर आम्ही मानलं असतं. पण त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि नवऱ्याने नेमकं तेच धरलं.

"हेच, हेच म्हणतोय मी वर्षभर! वय झालंय तुझं. आज दोऱ्या कापल्यास, उद्या गॅस चालू ठेवशील."

आई उठल्या. बूट झटकले. आता त्या हसत नव्हत्या.

"वयाचं नाव नको काढूस. ही सवय आहे. या सवयीने तुझ्या शाळेची फी भरली. विसाव्या वर्षी माझ्यासमोर हे मशीन ठेवलं असतंस ना, तेव्हाही मी त्याचे दोरे कापले असते. चूक माझीच. पण सवयीची चूक माणूस एकदा करतो, मग ध्यानात ठेवतो. सूनबाई, ते पाकीट आण."

मी घराकडे पळाले. पाकीट घेऊन परत येईपर्यंत त्यांनी जुने तुकडे काढून टाकले होते. भोकातून घातलं, वळसा, ओढलं. चार टोकं, वीतभर लांब, वेडीवाकडी लोंबणारी. त्यांचा उजवा हात एकदा कात्रीकडे गेला. त्यांनी गळ्यातली फीतच काढली आणि कात्री माझ्या हातात दिली.

"ही धर तू. मला भरवसा नाही."

मग ते मशीन चाललं. काय सांगू! गवत मुळाशी सपकन तुटून बाजूला पडत होतं, एक रुंद पट्टा मागे उघडा होत होता. त्या उताराच्या आडव्या अंगाने जात होत्या, प्रत्येक पट्ट्याला आधीच्या पट्ट्यावर चार बोटं चढवत, जशी शिवण दाबतात तशी. दगड आला की दोरी खाडखाड वाजायची आणि पुढे जायची. खोड आलं की त्या दांडा जरासा वळवून त्याच्याभोवती गोल फिरायच्या. दोनदा दोरी झिजली, दोनदा त्यांनी जागच्या जागी ओवली. नवऱ्याने घड्याळ लावून बघितलं, तर मिनिटभरसुद्धा लागलं नाही. दर अर्ध्या तासाने त्या थांबायच्या, पाणी प्यायच्या, कमरेवर हात ठेवून खाली रस्त्याकडे बघायच्या, आणि पुन्हा सुरू.

पण सकाळचा बराच वेळ आधीच वाया गेला होता. बारा वाजले तेव्हा उताराचा वरचा भाग अजून उभा होता. तीन हिश्श्यांतला एक हिस्सा.

बाराला आईंनी इंजिन बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं. मशीन दगडाला टेकवलं, खाली आल्या, सावलीत बसल्या आणि बूट काढायला लागल्या. चेहरा लालबुंद झाला होता, पण श्वास शांत होता.

"राहिलंय अजून," नवरा म्हणाला.

"हो, राहिलंय."

त्याची घालमेल मला दिसत होती. अट त्याची, आणि ती त्याच्याच गळ्याशी आली होती. शेवटी तो म्हणाला, "सकाळी वेळ गेला ना तुझा. तो धरू या. एक वाजेपर्यंत कर."

"नको."

"मग मी करतो. थोडंच तर आहे. आपण दोघांनी मिळून केलं असं धरू." आणि तो खरोखरच वर चढायला लागला. माझा नवरा, ज्याने आयुष्यात कधी गवताला हात लावला नाही, तो मशीनचा दांडा धरायला निघाला.

"हात नको लावूस," आई म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण तो थांबला. "ते माझं उद्याचं आहे."

तो वळून बघत राहिला.

"तू म्हणालास अख्खा उतार, एका दिवसात. मी मान हलवली, ती माझी चूक. मला काय सगळं संपवून जायचंय का? आज एवढं झालं. उद्या उरलेलं. ते होईपर्यंत खालच्या झाडांमध्ये वाढलेलं असेल. ते कापेपर्यंत इथलं पुन्हा घोट्याएवढं येईल. गवत संपत नसतं रे. म्हणून तर राहायचंय मला इथे."

"आणि पडलीस तर?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "आई, दीड तास तू पडून होतीस. मला अजून झोपेत तो टणटण आवाज येतो. मी ऐकलेलाही नाही तो, तरी येतो."

आई उठल्या आणि अनवाणीच त्याच्यापर्यंत चढत गेल्या. त्याचा हात धरून त्याला रस्त्याकडे वळवलं. कापलेला उतार खालपर्यंत मोकळा पडला होता, घराचं छप्पर दिसत होतं, फाटक दिसत होतं, फाटकाबाहेर टपालाची लाल पेटी दिसत होती.

"पडेन. सत्तरीला टेकलेय, कधीतरी पडेनच. तुझ्या फ्लॅटमध्येही पडेन. पण इथे आता रस्त्यावरच्या माणसालाही दिसेन."

बराच वेळ दोघं तिथे उभे होते. मी कात्री हातात घेऊन खाली उभी होते, आणि मायलेकांच्या मध्ये पडायचं नाही हे शहाणपण तेव्हा फार उपयोगी पडलं, कारण मला बोलताच आलं नसतं. संध्याकाळी आम्ही दोघंच परतलो. सामान भरलेलं नव्हतं. गाडीत तो एवढंच म्हणाला, की ती कोपऱ्याची खोली तुझ्या कागदपत्रांसाठी घे, उगाच बंद कशाला ठेवायची.

वर्षभर त्याचा सकाळचा फोन "पडली नाहीस ना?" असाच सुरू व्हायचा. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तो फोन घेऊन बाल्कनीत उभा राहिला. मी चहा घेऊन बाजूलाच होते. दोनदा वाजून गेला. त्याचा चेहरा पांढरा पडायला लागला, तेवढ्यात तिसऱ्यांदा आईंनी उचलला.

"किती झालं?" त्याने विचारलं.

"वरच्या दगडापर्यंत," आई धापा टाकत म्हणाल्या. "ठेव आता. मशीन चालू ठेवून आलेय."